गंगावेशीकडून स्टेशनकडं

कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, रंकाळा आणि तालमी. बाकीची सगळी मागाहूनची भर. हे माझं मत होतं आणि ते मी बरीच वर्षं जोरात मांडत आले. शिवाजी पेठेत वाढलेल्या पोरीला हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्यात 'गावात' म्हणजे महाद्वार, गुजरी, पापाची तिकटी, मिरजकर तिकटी. शाहूपुरी, राजारामपुरी, मार्केट यार्ड हा सगळा भाग 'स्टेशनकडं'. स्टेशनकडं कामापुरतं जायचं, तिथल्या माणसांशी व्यवहार चोख ठेवायचा, सणासुदीला त्यांच्या घरून आलेला फराळ आनंदानं घ्यायचा. पण अस्सल कोल्हापूरकर कोण, असं कुणी विचारलं की आमचं बोट पेठांकडंच वळायचं.

आज ते मत माझ्याकडं उरलेलं नाही. आज ज्याला सारा महाराष्ट्र कोल्हापूर म्हणून ओळखतो, ते शहर दोन तोंडांनी घडलं. एक देवीच्या दारातलं आणि दुसरं रुळांच्या कडेचं. हे दुसरं तोंड उपरं नाही. ते या गावानं जाणूनबुजून, स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या राजाच्या डोक्यानं उभं केलं. तिथं येऊन राहिलेली माणसं माझ्याइतकीच इथली आहेत. हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण उलट बोलणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता.

बँकेच्या नोकरीत माझी बदली शाहूपुरीतल्या शाखेत झाली, तिथून हे सुरू झालं. समोर येणारी खाती अडत दुकानांची, हमालांची, गूळ लावणाऱ्या शेतकऱ्यांची, उद्यमनगरातल्या छोट्या कारखानदारांची. खतावणीत शहा आणि पटेल, त्यांच्याच खालच्या ओळीत पाटील आणि मगदूम. एका जुन्या अडत दुकानात मला कर्जाच्या कागदांसाठी जावं लागायचं. सकाळी दुकान उघडलं की तिथले वयस्कर शेठ आधी श्रीनाथजींच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायचे आणि तीच उदबत्ती मग शेजारच्या शाहू महाराजांच्या फोटोला. त्यानंतर चोपडी उघडायची. गुजरातच्या व्यापाऱ्याशी फोनवर भाव बोलायचे ते गुजरातीत, आणि फोन ठेवता ठेवता हमालाला हाक मारायची ती ठसक्यात, "आरं, रवं आत घेतलंसा न्हवं?" एकदा मी सहज विचारलं, शेठ, तुमचं मूळ गाव कुठलं? ते जरा दुखावले. म्हणाले, "ताई, आमचा आजा आला तवा हितं नुसती शेतं हुती. महाराजांनी जागा दिली म्हणून ऱ्हायला. आता मूळ गाव म्हणून दुसरं कुठलं सांगू?"

त्या उत्तरानं मी लगेच बदलले असं नाही. पण महाराजांनी जागा दिली ती कशी, कधी आणि का, हे बघायला मी लागले.

रेल्वे येण्याआधीच्या कोल्हापूरचं तोंड पश्चिमेला होतं. गंगावेस आणि रंकाळावेस या वेशींतून वाट बाहेर पडायची आणि सह्याद्री उतरून कोकणात जायची. फोंडा घाट, आंबा घाट, खाली राजापूरसारखी बंदरं. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरायचा. वर यायचं ते मीठ, नारळ, मासळी, बंदरावर उतरलेला परदेशी माल. आजही कोकणाकडची एसटी रंकाळा स्टँडवरून सुटते. शहराच्या पूर्वेला, आज जिथं स्टेशन आहे तिकडं, शेतं आणि माळ.

१८८८ साली कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाला हात लागला. पुढं राजर्षी म्हणून ओळखले गेलेले शाहू तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे, दत्तक येऊन चार वर्षं झालेले. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. जेमतेम पन्नासेक किलोमीटरचा हा फाटा मीटरगेजचा होता. मालकी कोल्हापूर दरबाराची आणि चालवायला सदर्न मराठा रेल्वे. संस्थानानं स्वतःच्या खजिन्यातून रूळ टाकले, ही गोष्ट मी शाळेत ऐकली असणार, पण तिचा अर्थ मला फार उशिरा उमगला. इंग्रजांनी आणलेली गाडी म्हणून मी ज्या गोष्टीकडं परकेपणानं बघत होते, ती मुळात दरबाराच्या मालकीची होती.

त्याहून मोठी गोष्ट पुढची. एप्रिल १८९४ मध्ये शाहूंनी राज्यकारभार हाती घेतला आणि १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. वीस-एकवीस वर्षांचा राजा. कारभार हाती येऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. आणि त्यानं पहिल्या कामांत घेतलं ते हे: स्टेशनजवळ जागा आखायची, व्यापाऱ्यांना बोलवायचं, सवलती द्यायच्या, गुळाला हक्काचा बाजार करून द्यायचा. गुऱ्हाळं पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठी आधीपासून होतीच. काहिलीत रस आटवणारा गुळव्या होता, ऊस होता, जळण होतं. नव्हता तो दूरचा गिऱ्हाईक. रुळांनी तो जोडून दिला.

दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या हंगामाचे सौदे निघतात. हा सौदा मी पहिल्यांदा जवळून बघितला तो याच नोकरीत. गुळाचे तीस किलोचे रवे, म्हणजे ढेपा, ओळीनं मांडलेले, त्यांवर कापड दाबल्याच्या सुरकुत्या तशाच उमटलेल्या. अडतदार, खरेदीदार, शेतकरी सगळे त्या ओळींमधून सरकत जातात. खरेदीदार रव्याचा टवका काढतो, बोटांत चुरडून कण बघतो, जिभेवर ठेवतो, उजेडाकडं धरतो. गुजरातला पिवळाधमक गूळ लागतो, तेव्हा रंगावरून भाव शंभर-दोनशेनं हलतो. भाव पुकारला गेला की शेतकरी क्षणभर अडत्याच्या तोंडाकडं बघतो. गुळव्याची रात्रभरची चुलवाणापुढची मेहनत त्या एका आकड्यात येते. तो आकडा ठरवणारी जीभ कितीतरी पिढ्या अहमदाबाद-राजकोटच्या बाजाराची आहे आणि तो गूळ करणारा हात करवीर-पन्हाळ्याचा. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पेठेत पेढे वाटले. त्या नावाला देशभर पोचवणारी माणसं मात्र आमच्या लेखी अजून 'स्टेशनकडची'च होती. ही विसंगती मला तिथं त्या सौद्यात उभं राहून खुपायला लागली.

मिरजेहून येताना कोल्हापूरच्या अगदी अलीकडं 'गूळ मार्केट' याच नावाचं स्टेशन आहे. आता गूळ बहुतेक ट्रकनं जातो. पाटी मात्र आहे.

नावांचं बोलायचं तर आणखी एक. शाहूपुरी आणि राजारामपुरीच्या मधून रूळ जातात. दोन्ही वसाहतींना पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशी आकड्यांची नावं, पेठांसारखी तालमींची किंवा देवांची नव्हेत. आखून वसवल्याची ती खूण. या दोन भागांना जोडणारा रुळांखालचा जो पूल आहे, पावसाळ्यात पाणी भरलं की ज्याच्या नावानं अख्खं शहर खोळंबतं, त्याचं नाव बाबूभाई परीख पूल. एका गुजराती माणसाचं नाव कोल्हापूरकराच्या तोंडी असं रोज असतं. मी स्वतः ते किती वेळा घेतलं असेल, आणि तरीही ही माणसं बाहेरची हे वाक्य माझ्या तोंडी शिल्लक होतं.

याच फाट्यावरचं जयसिंगपूर हे तर सरळ रुळांच्या पोटी जन्मलेलं गाव. १९१७ साली शाहू महाराजांनी ते वसवलं आणि आपल्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव घाटग्यांचं, नाव दिलं. काटकोनात आखलेले रस्ते, इथंही गल्ल्यांना आकडे. आधी स्टेशन, मग बाजार, मग गाव, असा उलटा क्रम. आज त्याच गावातल्या विक्रमसिंह मैदानावर दरवर्षी ऊस परिषद भरते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पहिल्या उचलीचा वाद तिथं पेटतो. व्यापाऱ्यांसाठी वसवलेल्या गावात शेतकऱ्यांनी आपला आवाज उठवायची जागा शोधली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण माझं मन सर्वांत जास्त हललं ते वळिवड्यानं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेनं पोलंडमधून हजारो कुटुंबं उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकली. त्यातून जगून सुटलेल्यांना जगात कुठं ठेवायचं, हा प्रश्न होता. १९४३ पासून त्यांच्यातले सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले. बहुतेक बायका आणि मुलं; पुरुष युद्धावर किंवा मेलेले. रुळांलगतच्या माळावर त्यांच्यासाठी बराकींची वसाहत उभी राहिली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. १९४८ पर्यंत ती माणसं इथं राहिली आणि मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी पांगली. त्या मुलांतली काही पुढं म्हातारपणी परत आली, २०१९ मध्येही आली, आणि आपण जिथं वाढलो ती जागा शोधत फिरली. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे.

पोलिश माणसं निघाली आणि त्याच बराकींत सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबं शिरली. फाळणीनं त्यांचं सगळं गेलं होतं. त्या वसाहतीचं गांधीनगर झालं. आज दिवाळीच्या आधी कोकण, गोवा, बेळगाव, विजापूर कुठकुठले दुकानदार घाऊक कापडासाठी गांधीनगरला येतात. लग्नाचा बस्ता आमच्याही घरात तिथूनच आला. एका माळावर पाच-सात वर्षांच्या आत जगातल्या दोन मोठ्या उलथापालथींतली माणसं गाडीतून उतरली. एक पाच वर्षं विसावली आणि पुढं गेली, दुसरी कायमची रुजली. आणि मी इतकी वर्षं गांधीनगरला 'सिंध्यांचा बाजार' म्हणत आले. खरं कोल्हापूर कुठलं याचा हिशेब मांडताना हा माळ मी धरलाच नव्हता. शरण आलेल्याला जागा देणं हे आपल्या गावाचं मोठेपण मानायचं असेल, तर त्या मोठेपणाचा पत्ता वळिवडे स्टेशन हाच आहे.

माझा थोरला भाऊ तालमीतला माणूस. त्याला हे बोलणं पटत नाही. "मग अंबाबाई काय गाडीनं आली होय?" असं तो विचारतो, आणि त्याच्या प्रश्नात तथ्य आहे. देवी आधीची, गाव आधीचं, गादी आधीची. मी ते नाकारत नाही. मात्र तिच्या दारात आज जी रांग लागते, ती बघ म्हणते. तिरुपतीहून हरिप्रिया एक्स्प्रेसनं येणारे तेलुगू भाविक, मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून थेट देवळात जाणारे. नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, त्याची केवढी अपूर्वाई आपल्याला. महाद्वारातला फूलवाला, कोल्हापुरी चपलांचं दुकान, ओटीचं साहित्य विकणारी बाई, या सगळ्यांची चूल निम्मी स्टेशनावर पेटते. गावातलं आणि स्टेशनकडचं असं जे आम्ही वेगळं काढत होतो, ते पोटापाण्यात कधीच वेगळं नव्हतं.

भावाचा दुसरा मुद्दा मला अधिक झोंबतो. गाडी आणते तशी नेतेही. पुण्यापलीकडं ब्रॉडगेज आणि अलीकडं मीटरगेज, त्यामुळं १९७१ पर्यंत मुंबईचा माल पुण्यात एका गाडीतून काढून दुसरीत भरावा लागायचा. असलं अंतर कुणाला तरी नेहमीच परवडत नाही. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी चार वर्षांत, १९३३ ला, पुण्याला गेली. बाबूराव पेंटरांनी या गावात सिनेमाची जी परंपरा रुजवली, तिचं सर्वांत मोठं फळ पुण्याच्या अंगणात पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धान्य आणणारे रूळ देशभर प्लेगही पसरवत होते. राजापूरच्या बंदराची रया गेली त्याला खाडीतला गाळ कारण होता तसे आपले रूळही होते; घाटावरचा माल मिरजेकडं वळला आणि खालची बाजारपेठ ओस पडली. आणि आज रात्रीच्या महालक्ष्मीनं पुण्या-मुंबईला जाणारी आपली इंजिनिअर मुलं सणापुरतीच परत येतात. हे सगळं खरं आहे, आणि ते लपवून रुळांचं कौतुक करायला मी तयार नाही.

सगळं श्रेय रुळांना द्यायलाही नाही. १९०१ साली या शहराची वस्ती पन्नास-पंचावन्न हजार होती, २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात. ही वाढ राधानगरी धरणाच्या पाण्याशिवाय झाली नसती, सहकारी साखर कारखान्यांशिवाय झाली नसती. उसाला पाणी उपसायला इंजिन लागलं, चरक मोडला तर दुरुस्त करणारा हात लागला, म्हणून उद्यमनगर आणि नंतर फाउंड्र्या उभ्या राहिल्या. महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं काढली, म्हणून खेड्यापाड्यातली पोरं शहरात राहून शिकली. रूळ हा यातला एक धागा. पण हा धागा आमच्या सांगण्यातून कायम गळत आला, म्हणून त्याच्यावर इतकं बोलावं लागतं.

अमेरिकेतलं अटलांटा १८३७ साली रेल्वेमार्गाचं टोक म्हणून रोवलेल्या एका खुंटीभोवती वाढलं. त्याचं पहिलं नावच टर्मिनस होतं. मग दुसरे मार्ग येऊन मिळाले आणि शहर फोफावलं. आपल्याकडं मनमाड, भुसावळ, दौंड, शेजारचं मिरज ही जंक्शनची गावं. तिथं रेल्वेला माणसं हवीच होती: इंजिनांच्या शेडला, फाटे सांभाळायला, कोळसा भरायला. कोल्हापूर यांच्यातलं नाही. इथं मार्ग येऊन थांबतो, पुढं जात नाही. रेल्वेला इथं काही मोठं उभारायचं नव्हतं. फाट्याच्या टोकाची कितीतरी स्टेशनं देशात तशीच पडून राहिली. म्हणून इथं जे झालं ते गावाच्या इच्छेनं झालं, असं मी मानते. गाडी आली की भरभराट आपोआप येते, हे खोटं आहे. गाडी आली त्याच्या चार वर्षांत बाजाराची जागा आखून तयार होती, म्हणून भरभराट आली. स्टेशनाला छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नाव दिलं गेलं, ते या अर्थानं अगदी योग्य वाटतं.

या मतबदलाचा एक परिणाम असा की, वैभववाडीच्या मार्गाबद्दलही मी आता वेगळं बोलते. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. अजून त्यावरून गाडी धावलेली नाही. मी या मार्गाच्या विरोधात होते. सह्याद्री फोडायचा, जंगल कापायचं आणि मिळवायचं काय, रस्ते आहेतच की, असं माझं म्हणणं असायचं. जंगलाची काळजी मला आजही तितकीच वाटते. बोगदे किती, झाडं किती, गवे आणि बिबटे यांची वाट कुठून, याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणी कुदळ मारू नये. पण 'मिळवायचं काय' हे मी आता विचारत नाही. शहराचं पश्चिमेचं तोंड १८९१ नंतर मिटत गेलं. ते पुन्हा उघडलं तर गंगावेशीच्या वाटेनंच कोकण पुन्हा जोडलं जाईल, आणि राजापूरच्या बाजूला आपण जे नकळत हिरावून घेतलं त्यातलं थोडं परत जाईल.

फक्त माझी एक मागणी आहे आणि ती मी या मार्गासाठी भरणाऱ्या प्रत्येक बैठकीत उभं राहून मांडते. लोकप्रतिनिधी खर्चाचे कोटी सांगतात, सर्वेक्षण कुठवर आलं ते सांगतात, गाड्यांची नावंसुद्धा सुचवतात. मी विचारते, मालधक्का कुठं होणार? कळे, साळवण, गगनबावडा या पट्ट्यात बाजारासाठी जागा राखून ठेवली आहे का, की रूळ पडायच्या आधीच ती गुंठ्या-गुंठ्यानं विकली जाणार? वर आलेला आंबा-काजू आणि मासळी साठवायला शीतगृह कोण बांधणार? खाली गूळ पाठवायला तिकडच्या व्यापाऱ्याला इथं यावंसं वाटेल अशी सवलत आहे का? आणि तो आला, राहिला, त्याच्या नातवानं आपल्या बोलीत हमालाला हाक मारली, तर त्याला आपण कोल्हापूरकर म्हणणार आहोत का? पहिल्या चार प्रश्नांना साहेब लोक वहीत टिपून घेतात. पाचव्याला माझ्या भावाच्या तालमीतली मंडळी मान खाली घालतात. मागच्या बैठकीत मात्र त्यांच्यातला एक वस्ताद उठला आणि म्हणाला, पहिल्यांदा जागेचं ठरू दे, माणसांचं आम्ही बघतो. तो ठराव आता कागदावर घ्यायचा आहे.